रहमतचाचाला हाक ऐकू येत नाही

प्रिय बंड्या,

तू गेल्याला सात महिने झाले आणि आज दुपारी पुन्हा एकदा तू मला हरवलंस. म्हणून हे पत्र. रडायला नाही, भांडायला लिहितेय!

आपला गेम पुढच्या आठवड्यात लोकांना खेळायला द्यायचाय. आपल्या भिवंडीसारखंच विणकरांचं गाव, त्यात खेळणारा फिरतो, आणि ज्यांना तो चालवत नाही अशी बाकीची माणसं, चहावाला, मुकादम, लूमवरचा रहमतचाचा, आपापल्या मर्जीने वागतात. म्हणजे वागायला हवीत. ती खरी वाटावीत म्हणून मी दोन वर्षं डोकं फोडलं. इंजिनिअर मी! आणि गेम खेळून बघणारे विचारायचे काय? "वो चाचा किसने बनाया?" बारावीला दोनदा आपटलेल्या माझ्या धाकट्या भावाने!

माझी माणसं किती छान बोलायची रे. नमस्कार करायची, खेळणाऱ्याचं नाव लक्षात ठेवायची. तुझा चाचा लूम चालू असताना मागून हाक मारली की ढिम्म. मी म्हटलं, हा बग आहे. तू हसलास. "तायडे, तू कधी कारखान्यात आलीच न्हाय ना!"

कशी येणार होते? तुला बाबा पाचवीपासून सायकलवर पुढे बसवून न्यायचे. मी हट्ट धरला की, "पोरीचं काय काम हाय तिथं?" डबा भरायला मात्र मी चालत होते. तुला माणसं बसल्याजागी बघायला मिळाली, मला ती डोक्यातून काढावी लागली.

खोटं कशाला बोलू? हॉस्पिटलात तुझ्या खाटेशी बसले होते, तेव्हाही एकदा मनात आलं की आता चाचा माझ्या हातात येईल. लाज वाटते लिहिताना. पण आलं.

आणि आलाच तो हातात. तुझा चाचा मी बाजूला ठेवला आणि माझा लावला. हाकेसरशी वळणारा, मागच्या भेटीची आठवण काढणारा. आज बाबांना खेळायला बसवलं. तू गेल्यापासून ते बोलतच नाहीत. कारखान्यातून येतात, चार घास खातात, भिंतीकडे तोंड करून झोपतात. वाटलं, निदान एकदा म्हणतील, छान केलंस पोरी.

बाबा लूमजवळ गेले, हाकेचं बटण दाबलं. चाचा वळला, हसला, बोलायला लागला. बाबांनी माऊस खाली ठेवला.

"ह्यो कोन हाय गं? लूम चालू असता त्या खडखडाटात हाक ऐकू येते काय कोनाला? चाळीस वर्सांत मला न्हाय आली."

मी गुपचूप तुझा चाचा परत लावला. बाबा वळसा घालून त्याच्यासमोर, त्याला दिसेल असे उभे राहिले. कुणी सांगावंही लागलं नाही! चाचाने धाग्यावरची नजर उचलली आणि पाच बोटं तोंडाशी नेली. जेवलास?

बाबांनी बटण दाबलं नाही. स्वतःचा हात उचलला आणि पडद्याकडे बघत हलवला. न्हाय जेवलो. मग तिथेच बसून ढसाढसा रडले. सात महिन्यांत पहिल्यांदा.

गधड्या, एवढंही तूच करायचंस? मी रोज विचारते त्यांना, जेवलात का म्हणून. ओरडून विचारते. मला नुसतं "हं" मिळतं.

ते शांत झाल्यावर मी समोर जाऊन बसले आणि हातानेच सांगितलं. मी. उद्या. तुमच्याबरोबर. त्यांनी होकाराची मान हलवली.

तुझ्या चाचाला मी हात लावणार नाही, शब्द देते. गेमवर नावही तुझंच लागेल, माझ्या आधी. पण उद्यापासून मी कारखान्यात बसून माणसं बघणार आहे, आणि तुझ्या चाचाच्या शेजारच्या लूमवर माझं एक माणूस उभं करणार आहे. लोक आधी त्याच्याशी बोलायला जातील, बघच तू! आणि नाहीच गेले, तर कुणाशी भांडू रे मी?

तुझ्यावर अजूनही जळणारी,
तायडी