झाकणाला चाळीस पीळ

तीर्थरूप काकांना साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता बरा असेल आणि काकू तुम्हाला शिडीवर चढू देत नसेल, असं धरून चालतो. माझी तब्येत ठीक आहे. नोकरीची तेवढी नाडी लागत नाही.

पंपांच्या कारखान्यात मी अनुवादक आहे, हे तुम्ही जाणताच (तुमची हयात फिटरकीत गेली, त्यामुळे "त्यात काम काय असतं?" असं दर भेटीला विचारता). गेल्या महिन्यात साहेबांनी जुळणीची पुस्तिका मराठीत करायला दिली आणि बजावलं, एकही परका शब्द नको. तिसऱ्याच पानावर टॉर्क आडवा आला. बोल्ट किती जोर लावून आवळायचा, त्याचं ते माप. कोशात 'आघूर्ण' सापडला (हा वाचून फिटर पाना टाकून डॉक्टरकडे जाईल). फोरमनना विचारलं, तर म्हणाले, "टॉर्कला टॉर्कच म्हणतात, मास्तर." शेवटी मला 'पीळ' सुचला. मिशीला पीळ, दोरीला पीळ, पोटात पीळ. इतका घरचा शब्द दुसरा नाही. त्या आनंदात चाळीसपुढचं 'न्यूटन-मीटर' हे टॉर्कचं एककही परकं म्हणून खोडलं आणि लिहिलं: झाकणाच्या प्रत्येक बोल्टला चाळीस पीळ द्यावेत.

काका, जुळणीवरचे फिटर ते खरंच द्यायला निघाले. चाळीस फेरे. सहाव्या-सातव्या फेऱ्याला बोल्टांच्या मुंड्या तुटून हातात यायला लागल्या, तरी एकाही शहाण्याने थांबून विचारलं नाही. एका पाळीत बावन्न पंप कामातून गेले. फोरमन शांतपणे म्हणतात, "लिहिलंय तसं केलं." (आयुष्यात पहिल्यांदाच.) वीस वर्षांत ज्याने सूचनाफलकाकडे ढुंकून पाहिलं नाही, त्याने माझंच वाक्य ब्रह्मवाक्य मानावं? अगदी वीट आला आहे. आणि खरं सांगतो, भीतीही वाटते. सोमवारी चौकशी आहे, नोकरी जायची चिन्हं आहेत आणि घरी अजून सांगितलेलं नाही. तरी शब्द बरोबरच होता, हे माझं म्हणणं कायम आहे. (सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, हे टायपिस्ट बाईंनी मला ऐकवून झालं आहे.)

तुमचा पुतण्या

ता. क. – आमचे काका तीस वर्षं टॉर्कला पीळच म्हणायचे, असं मी साहेबांना सांगून बसलो आहे. खात्री करायला ते सोमवारी अकरा वाजता तुम्हाला फोन करतील. फक्त "हो" म्हणा.

आणखी एक – तुम्ही खोटं बोलत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून काकूशी बोलून ठेवलं आहे. फोन ती घेईल, आणि तुम्ही अंघोळीला गेलेले असाल. कृपा करून अंघोळ लवकर आटपू नका.