थर्मोस्टॅटच्या चार तारा

न्यूनेन, नेदरलँड्स, २३ जानेवारी २०२२

प्रिय जयंती,

इथे आल्यापासून नुसते फोनच झाले, पत्र हे पहिलंच. आधी खुशाली. ऋषभ आणि अश्लेषा, लेक-सून दोघंही कोविड पॉझिटिव्ह निघाले होते. आता बरे आहेत, विलगीकरण कालच संपलं. मी माळ्यावरच्या खोलीत वेगळी राहिले, मला साधी शिंकही आली नाही. पण या मुलाने नोव्हेंबरपासून मला लोणच्याच्या बरणीसारखं जपलंय. एकटीने सुपरमार्केटला जायचं नाही, इस्त्री करायची नाही, शेगडीची बटणं दाबायची नाहीत. गेल्या वर्षी अरुण गेले तेव्हा त्याला वडिलांच्या अंत्यदर्शनालाही येता आलं नाही, तेव्हापासून त्याने माझ्या एकटेपणाची धास्तीच घेतलीय. त्या धास्तीपोटीच साताऱ्याचा फ्लॅट विकून मी पुण्याबाहेरच्या ज्येष्ठांच्या संकुलात राहावं असं त्याने ठरवलं, आणि मीही मान डोलावली. फ्लॅट घ्यायला तुझे दीर गुरुनाथभाऊजी तयार झाले, तेव्हा तर मला बरंच वाटलं होतं.

तर गेल्या सोमवारी सकाळी उठले आणि घर गारठलेलं. नळाला गरम पाणी येत होतं, म्हणजे माळ्यावरचा बॉयलर ठणठणीत होता. त्या बॉयलरला घर तापवायला सांगणारा, खाली बैठकीतला थर्मोस्टॅट मात्र मेलेला. सेल बदलले, तरी पडदा कोराच. दुरुस्तीवाला पॉझिटिव्ह घरात यायला तयार नाही, आठवडाभर थांबा म्हणाला. ऋषभने नवा थर्मोस्टॅट मागवला, दुसऱ्या दिवशी खोका दाराशी आला, आणि बंद खोलीतून मला फोन करून बजावलं की आई, तू हात लावू नकोस, बरा झालो की मी बघतो. अंगात एकशे दोन ताप, आणि बघतो म्हणे! जयंती, हा जन्मला त्याच वर्षी मी आयटीआयमध्ये वायरमनच्या वर्गावर रुजू झाले. अठ्ठावीस वर्षं पोरांना तारा जोडायला शिकवल्या. शेजारच्या शिवणवर्गात तुला माझा आरडाओरडा ऐकू यायचा. आणि ते सगळं हा मुलगा विसरला? खरं सांगायचं तर मीही विसरले होते. अरुण गेल्यापासून घरातला दिवा गेला तरी शेजाऱ्यांना हाक मारत होते.

दुपारी दोघांचा डोळा लागल्यावर मी बॉयलरचा प्लग काढला, ऋषभच्या रबरी चपला पायांत घातल्या आणि जुना डबा भिंतीवरून उतरवला. आत चार तारा, त्यातल्या दोनच स्क्रूखाली. टेस्टर लावला, करंट नाही. दोन्ही सोडवल्या. आणि मग काय केलं असेल मी? चारही तारा पकडीने सरळ केल्या, टोकं सोलून एका मापाची कापली. आठवतं ना, तारांच्या सफाईला मी दहा मार्क ठेवायचे! सगळं देखणं झालं आणि मग लक्षात आलं, की आधीच्या दोन कुठल्या ते आता ओळखू येत नाही. आधी खूण करा, मग सोडवा, हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! स्वतःलाच शिव्या घातल्या. थंडीने बोटं बधिर झाली होती, क्षणभर वाटलं, ऋषभचंच खरं. मग जिने चढून वर गेले, बॉयलरखालचं झाकण उघडलं. तिथे निळी आणि लाल जोडलेली होती, बाकीच्या दोघी नुसत्याच गुंडाळून ठेवलेल्या. खाली येऊन त्याच दोन नव्या थर्मोस्टॅटला जोडल्या, वर जाऊन प्लग लावला, पुन्हा खाली येऊन आकडा वीसवर नेला. वरून बॉयलर सुरू झाल्याचा आवाज आला, आणि मी तिथेच फतकल मारून बसले. इतका आनंद मला वर्षभरात झाला नव्हता.

अश्लेषाने दाराखालून चिठ्ठी सरकवली, आई, भारी! ऋषभ मात्र मास्क लावून जिन्यात आला आणि काही झालं असतं म्हणजे, म्हणून माझ्यावर ओरडला. दोन दिवस बोलला नाही. मीही माफी मागितली नाही.

आता मुद्द्याचं. फेब्रुवारी लागल्यावर भाऊजी तुझ्याकडे ठेवलेली फ्लॅटची किल्ली मागायला आले तर देऊ नकोस. फ्लॅट विकायचा नाही. मी सात फेब्रुवारीला निघतेय, आणि मुंबईला उतरून थेट साताऱ्याला येणार. भाऊजींची मी समोर बसून क्षमा मागेन, तोवर त्यांची बोलणी तुला खावी लागतील, त्याला माझा इलाज नाही. हे फोनवर सांगितलं असतं तर दुसऱ्या फोनवर शब्द फिरवताही आला असता. ऋषभला अजून काही सांगितलेलं नाही, आज जेवताना सांगणार आहे. तो चिडेल त्याची मला भीती नाही, पण तो रडेल, आणि तो रडला की मी हो म्हणते. म्हणून आधी हे पत्र कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून येते, एकटी जाऊन.

तुझीच,
लतिका