चहाची हवा

प्रिय रुपाली,

हे फोनवर सांगितलं असतं, पण तू मधेच भांडली असतीस आणि मी हो म्हणून मोकळा झालो असतो. म्हणून लिहितोय. अक्षर लागलं नाही तर आपल्या सायलीकडून वाचून घेऊ नकोस, तूच बस लावत.

खोली बघून ठेवली होती. मोरी आतच आहे, तुला आवडली असती. घरमालकीण चिमाबाई म्हणाली, "बायकू न्हाय, पोर न्हाय, एकट्याला कशाला रं एवढी खोली?" मी म्हणालो, येतायत जूनला. तू म्हणतेस ना, मी एका जागी टिकत नाही. या रंगाच्या शेडमध्ये टिकलो तो तुमच्यासाठीच.

रात्रपाळी उतरून शाळेतही गेलो. आमच्या कंपनीच्या भिंतीपलीकडेच आहे. मोठ्या बाईंनी तिसरीचा वर्ग दाखवला. खिडक्या एवढ्या मोठ्या, आणि सगळ्या बंद. पोरं दाटीवाटीने बसलेली, घामाचा आणि डब्यांचा वास, मागच्या बाकावर दोघं मान टाकून. पंखेसुद्धा बंद. विचारलं तर बाई म्हणाल्या, "उघडल्या की शेडचा वास येतो, पोरं खोकतात. लावल्या की पेंगतात. हवा बाहेर ओढणारे पंखे देणगीत मिळाले, पण लाईटबिल देणगीत कोण देतं? आणि ते लावले तरी फटीतून पलीकडचीच हवा आत येते. तुम्हीच सांगा भाऊ, काय करू?" रागाने नाही बोलल्या. थकल्या होत्या.

मग म्हणाल्या, थांबा, आता उघडतील. तेवढ्यात कंपनीचा भोंगा झाला आणि पोरांनी उठून धडाधड खिडक्या उघडल्या. वारा आला. पेंगणारं एक पोरगं उगाच हसायला लागलं. कंपनीत चहाची सुट्टी झाली की शेडचा ब्लोअर बंद होतो, तेवढ्यात शाळा श्वास घेते. पोरं त्याला 'चहाची हवा' म्हणतात.

रुपाली, तो ब्लोअर माझ्याच हाताखाली आहे. रंगाचा वास बाहेर फेकणारा मोठा पंखा. नाही लावला तर आत आम्हीच गुदमरतो, माझ्या जोडीला काम करणारा पोरगा आहे, संघर्ष नावाचा, त्याला तर एकदा भोवळ आली होती. इतके दिवस वाटायचं, बाहेर फेकलं म्हणजे गेलं.

त्यानंतर आठवडाभरात ऑर्डर वाढली. आता चहा एकेकाला पाळीने, मशीन थांबतच नाही. सुपरवायझरला म्हटलं, चहापुरता तरी बंद ठेवू, पलीकडे शाळा आहे. तो म्हणाला, "राव, मग शाळेलाच चहाला बोलाव की!" सगळे हसले. मीही हसलो, काय करणार. काम सोडायचंही मनात आलं, पण बटण काय, दुसरा दाबेल. परवा भिंतीवरून बघितलं. भोंगा अजून होतो, पोरांनी सवयीने खिडक्या उघडल्या, आणि बाई एकेक बंद करत फिरत होत्या.

गावच्या शाळेत सगळ्या वर्गांना मिळून एकच गुरुजी, हे मला माहीत आहे. तू त्यासाठीच माझ्याशी भांडलीस, आणि बरोबर भांडलीस. मी चौथीतून सुटलेला माणूस, मला शिक्षणातलं काय कळतं. पण थंडीत सायलीची छाती कशी वाजते, तू रात्र रात्र तिला उभी धरून कशी बसतेस, ते कळतं.

सोमवारी तू तिचा दाखला काढायला जाणार आहेस. जाऊ नकोस. चिमाबाईला मी खोली नको म्हणून सांगतो. आपण एकत्र कधी राहू ते विचारू नकोस, मला आता तारीख सांगता येत नाही. सायलीने विचारलं तर सांग, पप्पांनी शाळा बघितली, छान आहे, खिडक्या खूप मोठ्या आहेत. तेवढं तरी खरं आहे.

तुझाच, इकडे एकटा,
ज्ञानेश