शेवाळ संपल्यावर

प्रिय आ-ल्येन,

आपण दोघींनी उभी हयात इस्पितळाच्या फरशा पुसल्या, आणि आपल्यासारख्या सगळ्या सफाईवाल्यांची तक्रार एकच होती. रस्त्यात भेटेल त्याला 'जेवलात का?' विचारणारी ही आपली माणसं, समोरच्याच्या हातात फडकं दिसलं की नेमका तोच प्रश्न विसरतात. इस्पितळाच्या फाटकासमोर स्टुलावर उभी राहून मी हे ओरडून सांगायचे, आणि तू खालून म्हणायचीस, "भाषणबाई, उतर आता, घसा बसेल." आज पुन्हा स्टुलावर चढते आहे. ऐकून घे.

तुझा फोटो आल्यापासून जिवाला स्वस्थता नाही. नातवाची माशांची काचपेटी शेवाळाने हिरवीगार झाली आहे. सून म्हणते, "आई, रविवारपर्यंत काच स्वच्छ दिसली नाही तर पेटी घराबाहेर." पोरगं रडतंय, आणि तू मला विचारतेस, शेवाळ खाणारा कोणता जीव आणू? मी तडक आपल्या काओश्युंग शहरातल्या मासळीवाल्या गल्लीत गेले. दुकानदाराने एक काळा खरखरीत मासा दाखवला. "घ्या आजी, कचरामासा. याला काही घालावं लागत नाही. फुकटचा नोकर!" माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "बाळा, तू महिनाभर काचा चाटून राहा, मग बोल." तो हसला. मला हसू आलं नाही. हा मासा हाताएवढा वाढतो. तुझ्या त्या पेटीत त्याला वळताही येणार नाही. मग कोणीतरी पुण्य म्हणून त्याला नदीत सोडणार, आणि तो तिथल्या माशांच्या मुळावर येणार. तो आणू नकोस.

बोटाच्या पेराएवढा, पिटुकला, ओठांनी काचेला चिकटणारा मासाही मिळतो. दिसतो गोड, पण नव्या पेटीत टिकत नाही. मी वाचनालयातून पुस्तकं आणून वाचली. चार दिवसांत काच लखलखते आणि त्याचं पोट आत जातं. घरची माणसं काचेवर खूश. पोटाकडे बघतो कोण? तो बिचारा रिकाम्या काचेवरून तोंड फिरवत राहतो, सगळ्यांना वाटतं काम चालू आहे, आणि एक दिवस तळाशी पडलेला सापडतो.

तू दोन गोगलगायी आण, काच खरवडणाऱ्या. पांढरे ठिपके घालतील, ती त्यांची अंडी, गोड्या पाण्यात फुटत नाहीत, घाबरू नकोस. सोबत शेवाळ खाणाऱ्या चार कोळंब्या, पण झाकण नीट लाव, त्या बाहेर चढतात. पेटी खिडकीतून हलव, कारण ऊन आहे तोवर शेवाळ येतच राहणार. आणि शेवाळ संपलं की उकडलेलं पालकाचं पान टाक. ज्याच्याकडून घर स्वच्छ करून घेतलं, त्याला वाढायचं आपण. सुनेलाही हे तोंडावर सांग.

तिला वाईट म्हणत नाही मी. दिवसभर राबून येते, घर जागच्या जागी दिसलं की तिला वाटतं सगळं ठीक आहे. पण तू लिहितेस, "सगळ्यांचं झालं की उरलेलं खाते, म्हाताऱ्या पोटाला लागतं किती?" अगं, हे वाक्य वाचून माझ्या हातातला भाताचा वाडगा तसाच राहिला.

आता खरं सांगते. त्या फोटोत मी शेवाळ पाहिलंच नाही. ते दाखवायला तू काचेवर बोट टेकवलं आहेस, आणि तुझी लग्नातली जेडची, हिरव्या दगडाची बांगडी कोपराजवळ घसरली आहे. तीच बांगडी, जी एक्स-रेच्या वेळी नर्सने साबण लावून, तेल लावून ओढली तरी निघेना, आणि तू म्हणालीस, "हात कापा, सोपं पडेल." एवढी कशाने वाळलीस? उपासमार आहे की दुसरं काही पोखरतंय, मला कळत नाही. फोन केला असता तर "पुरे गं भाषण" म्हणून ठेवून दिला असतास, म्हणून कागदावर लिहिते. आ-ल्येन, मासे राहू देत. हे पत्र मिळताच मुलाला रजा टाकायला लाव आणि त्याला घेऊन डॉक्टरकडे जा.

जीव टांगणीला लागलेली, तुझीच
युए-श्या