निळ्या पाठीचे दोन कॅट

ता. ४ जून

चि. भिंगरी हिस मामाचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. शाळेतली पोरं तुला जादूच्या बाई म्हणतात हे मामीने शेजारणीला बोलावून दोनदा वाचून दाखवलं. त्या गडबडीत माझा चष्मा कुठेतरी गेला तो अजून सापडलेला नाही, तेव्हा अक्षर सांभाळून घे.

मागितलेस तसे पत्त्यांचे दोन कॅट सोबत पाठवतोय. तू रंग बघून भाळतेस हे मला ठाऊक आहे, म्हणून सांगतो, पत्ते बोटांनी निवडायचे. घाऊकवाल्याकडे बसून मी एकोणीस कॅट फोडले. त्याचं तोंड वाकडं झालं, होऊ दे. प्लॅस्टिकचे आधीच बाजूला सारले. ते धुता येतात, पण वाकवायला गेलं की रुसतात आणि हातातून निसटतात. मग अगदी गुळगुळीत कागदाचे काढून टाकले, कारण हातात पत्त्यांचा पंखा उघडताना त्यांचे चारचार पत्ते चिकटून येतात. राहिले ते हे. पाठीवरून नख फिरव, बारीक खळगे लागतील. त्यांत हवा राहते म्हणून पत्ता पत्त्यावरून सरकतो. कडही नीट कापलेली आहे, दोन गठ्ठे एकमेकांत घालून बघ, कुरकुर न करता जातील.

दोन्हींची पाठ सारखीच, निळी वेलबुट्टी. एक साधा आहे, तो पंखे आणि हवेतल्या कसरतींसाठी, शिवाय प्रेक्षकांच्या हातात द्यायला. दुसऱ्यावर मी स्वतः खुणा केल्या आहेत. कोपऱ्यातल्या फुलाची कुठली पाकळी भरलेली आहे त्यावरून पान ओळखता येतं, तक्ता सोबत आहे. खुणेच्या कॅटच्या डबीला आतून पेन्सिलीचं टिंब आहे. सरमिसळ होऊ देऊ नकोस.

जावईबापूंना आशीर्वाद. म्हाताऱ्यावर लोभ आहेच, तो अधूनमधून पत्र लिहून दाखवत जा.

तुझा
मामा


ता. २० जून

ती. मामांस भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

आधी एक विनंती. यापुढे मला पत्र शाळेच्या पत्त्यावर पाठवा. घरचं टपाल खाणीच्या कचेरीतून येतं आणि कचेरीत हे बसतात. फोनही तिथेच, ह्यांच्याच टेबलावर. ह्यांनी माझं पत्र आजवर कधी फोडलेलं नाही, पण पुढचं वाचलंत की माझी भीती कळेल.

परवा खाणीच्या मोठ्या साहेबांच्या मुलीचा वाढदिवस झाला आणि बंगल्यावर माझा खेळ ठेवला होता. साहेबांचे रविवारच्या पैशाच्या रमीचे भिडू पुढेच बसले होते, म्हणजे डॉक्टर, गुदामवाले आणि हे. पोरांसाठी होतं म्हणून नुसते पंखे, या हातातून त्या हातात पत्त्यांचे झरे आणि कसरती केल्या, खुणांचं काही केलंच नाही. मामा, तुमच्या पत्त्यांनी काय साथ दिली! शेवटी साहेबांनी कॅट हातात घेतला, कौतुकाने चाळला आणि रविवारच्या डावासाठी मिळेल का असं विचारलं. मी फुशारकीत ठेवा म्हणून मोकळी झाले.

घरी येऊन पिशवीतली दुसरी डबी उघडली. डबी टिंबाची आणि आत साधा कॅट. दुपारी मी दोन्ही पलंगावर पसरून इथल्या दगडाच्या धुळीत कुठला जास्त सरकतो ते बघत होते. परत भरताना डब्यांची अदलाबदल झाली. म्हणजे खुणेचा कॅट साहेबांच्या टेबलावर आहे आणि काल रविवारी डाव त्याच पत्त्यांनी झाला.

आम्ही इथे येण्याआधी याच डावात एका कारकुनाच्या बाहीत पान सापडलं होतं. त्याच संध्याकाळी त्याचं सामान रस्त्यावर होतं, बायकोपोरांसकट. घर कंपनीचं, नोकरी कंपनीची. उद्या कुणाला पाकळ्या दिसल्या तर पहिलं बोट ह्यांच्याकडेच वळणार, बायको जादूवाली म्हणून. ह्यांना या अदलाबदलीचं काही माहीत नाही. सांगू का? दाराची कडी वाजली की मी पिशवी पलंगाखाली सारते.

उत्तराची वाट बघतेय. रागावलात तरी चालेल, लोभ तेवढा कमी करू नका.

तुमची
भिंगरी


ता. २७ जून

चि. भिंगरीस अ. उ. आ.

रागावू कशाला? सारख्या पाठीचे कॅट मीच निवडले. पत्र वाचून मी घोंगडी ओढून बसलो आणि मामीला थंडी वाजते म्हणून सांगितलं.

साहेबांना सरळ सांगावं असंही मनात आलं. पण एक डाव होऊन गेला आहे. कोण कधी जिंकलं त्याचे अर्थ लावत बसतील आणि तुझ्या खरेपणावर कुणी विश्वास ठेवणार नाही. जावईबापूंनाही सांगू नकोस. खुणा आहेत हे कळलं की सरळ माणसालाही सरळ खेळता येत नाही, तो मुद्दाम दुसरीकडे बघायला लागतो आणि तेच लोकांच्या डोळ्यांवर येतं.

कॅट बदलायचा, दुसरा उपाय नाही. पण आज नाही. तिथला कॅट चार माणसांच्या घामाने मऊ होत जाणार. त्याच्या जागी कोरा ठेवलास तर पहिल्याच वाटपाला हातांना कळेल. तुझ्याकडच्या साध्या कॅटला म्हातारा कर. रोज दोन तास पीस, धुळीच्या हातांनी पीस, कडा बोटांनी काळ्या होऊ देत. महिन्याभरात तो शोभेल. तोवर देवावर हवाला.

एक विचारायचं राहिलं. त्या खुणा तुझ्याशिवाय घरात कुणाला वाचता येतात का?

घाबरू नकोस असं लिहिणार होतो, पण मीच घाबरलो आहे. तरी लोभ भक्कम आहे, त्यावर टेकून बस.

मामा


ता. १२ जुलै

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

पत्ते पिसून पिसून अंगठ्याला घट्टा पडला. हे कचेरीत गेले की मी न्हाणीघराच्या पायरीवर बसते. कॅट आता चांगला मळला आहे, किल्वरच्या राजाचा कोपरा तर आपणहून दुमडला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला पंधरा दिवस लागले. मामा, ह्यांना खुणा वाचता येतात. पार्सल आलं त्या आठवड्यात तालमीला मी ह्यांनाच समोर बसवलं होतं. तक्ता ह्यांनी दोन दिवसांत पाठ केला आणि मी अडखळले की हेच पान सांगायचे. आम्ही किती हसलो होतो.

आता हे जिंकतात. आधी महिन्यातून एखाद्या रविवारी जिंकायचे, आता सलग चौथा रविवार झाला. गुदामवाले सगळ्यांत जास्त हरतात. त्यांची बायको पाणी भरताना भेटली. ती म्हणाली की तुमच्या ह्यांच्या हातात नशीब आलंय, आमच्या ह्यांच्या हातातलं तेवढं गेलं, आणि शिवणयंत्राला गिऱ्हाईक आहे का असं विचारून गेली. मला तिच्याकडे बघवेना. डॉक्टर म्हणे डावात थट्टेने म्हणाले, बायकोची जादू अंगात आली वाटतं. सगळे हसले. हे हसत हसत मला ते सांगत होते. साहेब हसले का असं मी विचारलं, तर नाही म्हणाले.

इतके दिवस मी ह्यांच्यासाठी घाबरत होते. आता ह्यांना घाबरायला लागले आहे, हे लिहितानाही लाज वाटते. काल मुद्दाम दोघांत एक डाव मांडला, साध्या पत्त्यांचा. पान उचलण्याआधी ह्यांची नजर गठ्ठ्याच्या कोपऱ्यावर जात होती. की मलाच तसं वाटलं? तिथे फूल आहे, फुलाकडे कुणीही बघेल. चौदा वर्षांचा संसार आहे मामा. ह्यांनी दुकानदाराने चुकून दिलेली जास्तीची साबणवडी परत नेऊन दिलेली मी पाहिली आहे.

काहीतरी लिहा. मायेचं लिहा.

भिंगरी


ता. १९ जुलै

चि. भिंगरीस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून जाळलं. तूही माझी जाळत जा.

नशीब म्हणूनही काही असतं, बाई. साध्या पत्त्यांवर सहा संध्याकाळी लागोपाठ जिंकलेला माणूस मी डोळ्यांनी पाहिला आहे. तेव्हा मनातल्या मनात निकाल देऊन मोकळी होऊ नकोस. कॅट बदल आणि पुढच्या रविवारची वाट बघ. जावईबापू तरीही जिंकले तर मनोमन त्यांची माफी माग आणि मला शिव्या घाल. जिंकले नाहीत तरी एका डावाने काही ठरत नाही.

बदलण्याबद्दल. साहेबीणबाईंकडे काहीतरी निमित्त काढून जा, खेळ करते म्हण. त्यांचाच कॅट मागून घे. बदल खेळाच्या शेवटी करू नकोस, तेव्हा सगळे हातांकडे बघतात. मध्येच, पाणी मागून पेला घेताना कर. घाम येईल, ओल्या बोटांना पत्ते चिकटतील, तर आधी रुमालाला हात पूस. पंखा बिघडला तर बिघडू दे आणि हसून घे. बिघडलेल्या पंख्याकडे बघणारा माणूस पदराकडे बघत नाही.

मामी विचारते, तू आजकाल पत्रं शाळेच्या पत्त्यावर का मागवतेस. मी तिला काय सांगू? लोभ आहे, आणि आता काळजीही तितकीच आहे.

मामा


ता. ५ ऑगस्ट

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या हाती देतेय, त्या उद्या शहरात जाऊन टाकतील. इथल्या पेटीत टाकायची आता हिंमत नाही.

कॅट बदलला. गेल्या गुरुवारी दुपारी साहेबीणबाईंच्या पाहुण्या आल्या होत्या, तेव्हा. साहेब मध्येच येऊन दारात उभे राहिले आणि माझी बोटं लाकडी झाली. पंखा अर्ध्यात फुटला, आठदहा पत्ते सतरंजीवर पडले. बायका हसल्या, मीही हसले, पाणी मागितलं. पेला घेताना खुणेचा कॅट पदराखाली घेतला आणि माझा मळलेला त्याच्या जागी ठेवला. घरी येऊन चुलीत घातला. साहेबांना काही दिसलं नाही असं वाटतं. वाटतं एवढंच.

रविवारी हे डाव खेळून आले. चप्पल काढली, हातपाय धुतले, जेवायला बसले. मी ताट वाढलं. पहिला घास झाल्यावर ह्यांनीच विचारलं, गुरुवारी बंगल्यावर मी पत्ते बदलले का.

मामा, नुसतं एवढंच विचारलं. आवाजही चढवला नाही. मी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. हे म्हणाले की ठीक आहे, झालं ते झालं, मामांकडून तसलाच दुसरा मागवून घे. गुदामवाल्यांचं नाव मी काढलं, तर ते काही लहान नाहीत, त्यांचं त्यांना कळतं, असं म्हणाले आणि पुन्हा वाढायला सांगितलं. मग म्हणाले की पत्र आठवड्याभरात लिहू, मी बसतो शेजारी, पेटीतही मीच टाकतो. आणि शाळेत येणारं टपाल आता घरीच येईल, शिपायाला सांगून ठेवलंय. म्हणजे ह्यांना तेही माहीत होतं.

मारलं नाही, ओरडले नाहीत. रात्री शांत झोपले. माझ्या शेजारी कोण झोपलंय हे मला कळत नव्हतं.

यापुढे कॅट मागणारं पत्र माझ्या अक्षरात आलं तर ते मी ह्यांच्या शेजारी बसून लिहिलेलं असेल. पाठवू नका. मला इथे राहायची भीती वाटते आणि निघायचं कसं ते सुचत नाही. तुम्हीच काय ते बघा.

भिंगरी


ता. ८ ऑगस्ट

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघं इकडे मजेत आहोत. तुमची व मामींची तब्येत कशी आहे? इकडे पाऊसपाणी ठीक.

पत्र लिहिण्याचं कारण, तुम्ही पाठवलेला निळा कॅट वापरून खराब झाला. पहिला होता तसाच, तुम्ही हाताने केलेला, एक पाठवून द्यावा. साध्याची गरज नाही. शक्य तितक्या लवकर पाठवावा, उत्तर कचेरीच्या पत्त्यावर द्यावं.

ह्यांचा तुम्हाला नमस्कार. लोभ असावा.

तुमची
भिंगरी


ता. १३ ऑगस्ट

चि. जावईबापूंस मामाचे अ. आ.

भिंगरीचं पत्र मिळालं. पार्सल पाठवत नाही, मी स्वतःच येतोय. मामी अंथरुणाला खिळली आहे आणि भिंगरी, भिंगरी करते आहे, तेव्हा तिला आठ दिवसांकरता घेऊन जाईन. कचेरीत रजेचं वगैरे तुम्ही बघू नका, तुम्ही तिथेच राहा, तुमच्या कामाचा खोळंबा नको. शाळेच्या मुख्याध्यापिकांना आणि डॉक्टरांना मी येतो आहे असं वेगळं पत्राने कळवलं आहे, म्हणजे सगळ्यांना ठाऊक असावं.

गुरुवारी सकाळच्या गाडीने पोचतो आणि दुपारच्या परतीच्या गाडीने आम्ही दोघं निघू. जेवायला थांबणार नाही. तिला थोरली ट्रंक भरून ठेवायला सांगा. आठच दिवसांचं आहे, पण इकडची हवा बेभरवशाची, सगळे कपडे लागतील. शाळेचे दाखले आणि प्रमाणपत्रंही ट्रंकेत घालू दे, मामीला बघायची आहेत.

बाकी भेटीअंती. कळावे.

मामा