बाबा घरी नाहीत

३ जून

घेतला एकदाचा! भिंत भरून टीव्ही. जुना मार्चमध्येच गेला होता. तेव्हापासून हिचं एकच पालुपद — 'लोकांच्या दारात जाऊन त्यांच्या टीव्हीचे हप्ते मागता, आणि आपल्या घरात रिकामं टेबल!' खरंच होतं म्हणून जास्त लागायचं.

दहा हप्ते, दोन हजार चारशेचे. व्याज शून्य टक्के! बारा वर्षं वसुलीच्या नोकरीत काढली. रोख मोजणाऱ्याला हाच टीव्ही एकवीस हजार पाचशेला मिळतो, हे काय मला माहीत नाही? वर फाइलचे नऊशे, विम्याचे सहाशे, भिंतीला टांगायचे सातशे. सगळं माहीत असून सही ठोकली. लोका सांगे ब्रह्मज्ञान! आमच्या कंपनीकडून मात्र घेतला नाही. ऑफिसात चर्चा नको.

४ जून

मेहुणी टीव्ही बघायला आली. आमची बबडी — वय वर्षं नऊ — तिला म्हणते, 'मावशी, आई म्हणते तू एकदा बसलीस की उठतच नाहीस.' हिचा चेहरा बघण्यासारखा झाला!

पोरीच्या पोटात काही म्हणून राहत नाही. मागे बरणी फोडली, तर आम्ही घरी येईपर्यंत तुकडे हातात घेऊन दारात उभी. कुणावर गेलीय कोण जाणे. माझ्यावर तर नाहीच. पण बरं वाटतं. दिवसभर थापा ऐकून घरी यावं, तर तिथे निदान एक माणूस खरं बोलणारं असतं.

५ जुलै

पहिला हप्ता खात्यातून गेला. कळलंसुद्धा नाही. लोक उगाच रडतात!

१९ जुलै

काय झालंय मला? इस्त्रीवाल्याकडे फ्रिजचे तीन हप्ते थकलेत. 'येत्या सोमवारी नक्की, साहेब.' अशा वेळी मी आवाज चढवतो, शेजारी ऐकतील इतका. निम्मी वसुली त्या आवाजावर होते. आज तोंड उघडलं आणि त्याच्या भिंतीवर नजर गेली. आमच्याच मापाचा टीव्ही. आवाज चढलाच नाही. त्याच्याकडचा चहा पिऊन परत आलो.

३१ ऑगस्ट

कमिशन निम्म्यावर. मोठे साहेब म्हणाले, 'तुम्ही वसुलीला जाता की सोयरीक जुळवायला?' सगळे हसले. मीही हसलो, काय करणार?

६ सप्टेंबर

हप्ता परत गेला! खात्यात पैसे नव्हते. दंड साडेपाचशे.

११ सप्टेंबर

आजचा दिवस शत्रूवरही येऊ नये.

दार वाजलं. खिडकीच्या फटीतून बघितलं — लाल हेल्मेट, काखेत फाइल. आमच्या धंद्यातला माणूस मैलावरून ओळखू येतो. मी आतल्या खोलीत पळालो, धान्याच्या पिंपामागे बसलो. ही बाजारात. बबडीने दार उघडलं.

'बेटा, बाबा आहेत का घरी?' काय गोड आवाज! हा माझा आवाज. बारा वर्षं मी हेच करतोय. विचारायचं ते लहान पोराला. मोठी माणसं तोंडावर खोटं बोलतात. पोरंही बोलतात, पण त्यांची नजर आपोआप आतल्या खोलीकडे जाते. गेली की समजावं, मालक आत आहे.

 बबडीने कुठे बघितलं ते मला पिंपामागूनही कळलं.

'नसतील तर थांबतो थोडा,' म्हणून पठ्ठ्या बसला! 'टीव्ही लाव बघू, मॅच आहे.' पाऊण तास! तो माझ्या टीव्हीवर मॅच बघतोय आणि मी आत नुसता स्कोअर ऐकतोय. शिंक आली ती नाक दाबून गिळली. जाताना मोठ्याने म्हणाला, 'बाबांना सांग, पाय अवघडले असतील, जरा चालून घ्या म्हणावं.'

१२ सप्टेंबर

बबडीला समोर बसवलं. पुन्हा कुणी आलं तर म्हणायचं, बाबा घरी नाहीत.

'खोटं बोलायचं?'

'खोटं नाही गं. त्याच्यापुरता मी घरी नाही.'

तिला काही ते पटलं नाही. मग नजरेचं शिकवलं. 'आत बघायचं नाही, मी सापडतो. डोळ्यांत बघायचं नाही, तुला रडू येतं. समोरच्याच्या शर्टाचं दुसरं बटण असतं ना, त्याच्याकडे बघायचं. त्याला वाटतं पोर लाजतेय.' बारा वर्षांत एकाही पोराच्या बापाला हे सुचलं नव्हतं. मला सुचलं! अनुभव वाया जात नाही.

मी बाहेर जाऊन दार वाजवायचं, तिने उघडायचं. पहिल्या चार वेळा आत बघितलं. पाचव्यांदा रडली. नवव्यांदा जमलं.

'पोरीला काय शिकवताय हे?' ही.

'व्यवहार!'



९ ऑक्टोबर

दुसरा हप्ताही थकला. लाल हेल्मेट हजर. 'बाबा घरी नाहीत.'  मग, 'बरं बेटा, येतो पुन्हा.' आणि गेला! खरंच गेला! बाहेर येऊन बबडीला उचलून घेतलं. मोठं चॉकलेट आणून दिलं. तिने निम्मं खाल्लं आणि बाकीचं तसंच ठेवलं.

१० नोव्हेंबर

तिसरा. मी पिंपामागे. आता तिथे बसायला पोतं घातलंय.

'बाबा गावाला गेलेत,' बबडी म्हणाली. 'आजीला बरं नाहीये ना, म्हणून.'

हे मी शिकवलेलं नव्हतं! माझी आई जाऊन सहा वर्षं झाली. लाल हेल्मेट हळहळला. 'अरेरे! काळजी घ्या म्हणावं आजीची.' मी हसत हसत बाहेर आलो. ही पोळ्या लाटत होती, तिने मान वर केली नाही. बबडीने हात पुढे केला — 'चॉकलेट?'

दिलं. पण आईच्या फोटोकडे बघवेना. पोरीला रागवावं तर कोणत्या तोंडाने? पुरे झालं आता. काहीही करून पैसे भरायचे.

२ डिसेंबर

हिनेच सोडवलं. सकाळी डाळीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि पुरचुंडी काढली. तीन हप्ते आणि दंड, आठ हजार आठशे पन्नास, एकरकमी. दहा वर्षांच्या संसारात मला तो डबा सापडला नाही, आणि मी म्हणे वसुली अधिकारी!

'शिलाईचं मशीन घ्यायचं होतं,' एवढंच म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१५ जानेवारी

संध्याकाळच्या जादा फेऱ्या मागून घेतल्या. इस्त्रीवाल्यावर परवा असा ओरडलो की चारी बाजूंच्या खिडक्या उघडल्या. पैसे मिळाले. घरी यायला नऊ वाजतात, तोवर सगळे झोपायच्या तयारीत. टीव्ही छान चालतो असं ऐकतो.

५ एप्रिल

शेवटचा हप्ता गेला! सुटलो! दुकानात जाऊन 'येणे बाकी नाही' असं पत्र घेतलं. बेरीज केली — सत्तावीस हजार आठशे पन्नास. एकवीस पाचशेचा टीव्ही. शून्य टक्के!

बाहेर टपरीवर लाल हेल्मेट भेटला. हेल्मेट काढल्यावर बिचारा टकला आहे. मीच चहा पाजला. म्हणाला, 'साहेब, आतल्या खोलीत तुम्ही आहात हे पहिल्या दिवशीच कळलं होतं. पण नंतर तुमच्या मुलीने मला असं काही बनवलं! आईशप्पथ, मला वाटलं तुम्ही खरंच गावाला गेलात. आजीला बरं आहे का आता?'

दोघेही पोट धरून हसलो. घरी येईपर्यंत छाती फुगलेली. आज मी लवकर घरी. टीव्ही लावला, आवाज मोठा केला, पाय पसरून बसलो. दार वाजलं तरी उठायची भीती नाही. बबडी शेजारी येऊन बसली. काय सुख!

९ एप्रिल

सकाळी कामावर निघताना बबडीला विचारलं, 'प्रगतिपुस्तक मिळालं का गं?'

'नाही मिळालं, बाबा. बाई गावाला गेल्यात. त्यांच्या आईला बरं नाहीये.'

एका दमात. असेलही खरं. तोंड बघावं म्हणून खाली वाकलो. ती माझ्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे बघत होती.