शालिनीने वाट पाहावी, ही विनंती

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार. सकाळी ७.१०

मोठी बातमी. 'पैलतीरावरचं घर' परत येतंय. बावीस वर्षांनी. टीव्हीवर नाही, मोबाइलच्या ॲपवर, पण येतंय. शालिनीचं काम करणारी नटीही तीच. लटारूभाऊ टेलरने दुकानाचं शटर उघडायच्या आधी मला फोन केला. म्हणजे भद्रावतीत या विषयात पहिला मान कोणाचा, हे लोक अजून विसरलेले नाहीत.

२००३ च्या डिसेंबरात चॅनेलवाल्यांनी मालिका मध्येच बंद केली होती. शालिनीचा नवरा विनायक खाडीपलीकडे कामाला गेलेला, तीन वर्षं पत्ता नाही, आणि शालिनी ओट्यावर कंदील घेऊन उभी. तेवढ्यावर संपली. दुसऱ्या दिवसापासून त्याच वेळेला केसांच्या तेलाचा कार्यक्रम. आमच्या फॅक्टरीच्या स्टोअर सेक्शनला दोन दिवस कोणाचं कामात लक्ष नव्हतं. मी तर रजाच टाकली.

केसरला बातमी सांगितली. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आता काय नवीन दाखवतीन? शेवट तं आपल्याले माहीत आहे." बरोबर आहे. आपल्याला माहीत आहे.

संकल्प: रोज पहाटे चालणे. साखर बंद. ही रोजनिशी नियमित. मालिकेच्या स्वागताची तयारी.

१३ ऑक्टोबर, सोमवार

नोंद असावी म्हणून लिहून ठेवतो. केसर माझी धाकटी बहीण. तिचा नवरा मुखरू २००१ च्या जानेवारीत मिरची तोडायला आंध्रात गेला. टोळीतली बाकीची माणसं होळीला परत आली, तो आला नाही. माझी बायको आदल्याच वर्षी वारली होती, मूलबाळ नाही. केसर इथे राहायला आली ती माझी सोय म्हणून नाही, तिची सोय म्हणून. हे स्पष्ट असावं.

मालिका बंद पडली त्याच महिन्यात वडशाहून दसरूचं स्थळ आलं. राइस मिलमध्ये मिस्त्री, बायको वारलेली, माणूस बरा. केसर आठ दिवस गप्प गप्प होती. मग तिने मला विचारलं, शालिनीनं काय केलं असतं? मी म्हटलं, मी मुंबईला पत्र टाकून विचारलं होतं, त्यांचं उत्तर आलंय. शेवटच्या भागात विनायक परत येणार होता आणि शालिनी दार उघडणार होती. केसरने वडशाला नकार कळवला.

आता पत्र म्हणजे हातात धरता येईल असं पत्र नव्हतं. पण त्यांनी लिहिलं असतं तर हेच लिहिलं असतं. मी मालिका बारकाईने पाहिलेली होती. शिवाय निर्णय केसरचा होता, मी फक्त माहिती पुरवली.

दसरू गेल्या वर्षी वारला. दुसरं लग्न, दोन मुलं, सगळं होऊन वारला. तो विषय संपला.

चालायला गेलो नाही. आभाळ होतं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

'पैलतीर परिवार, भद्रावती' असा ग्रुप काढला. अध्यक्ष मी. सदस्य अकरा. त्यात एक दूधवाला चुकून आला, पण काढला तर दुधावर परिणाम होईल. पहिला नियम टाकला: गुड मॉर्निंग टाकू नये. त्यावर सहा जणांनी गुड मॉर्निंग टाकलं. शिस्त लागायला वेळ लागतो.

१९ ऑक्टोबर, रविवार

कंपनीला ई-मेल केला. शेवट कसा असावा याबद्दल थोडक्यात मार्गदर्शन, चार पानं. उत्तर मिनिटभरात आलं: या पत्त्यावर आलेले ई-मेल वाचले जात नाहीत. म्हणजे पोचला.

२ नोव्हेंबर, रविवार. दुपारी १

ट्रेलर आला. लटारूभाऊच्या दुकानात सगळ्यांनी मिळून पाहिला. लटारूभाऊ म्हणाला, "शालिनीचे केस पांढरे काऊन ठेवले? कंपनीजवळ डाय नाई काय?" गोपालभाऊ बँकेतून रिटायर झालेले, एरवी कडक माणूस, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, आवाज तोच आहे हो.

ट्रेलरच्या शेवटी धक्क्याच्या पायऱ्या चढणारे पुरुषाचे पाय दिसतात. मी सर्वांच्या लक्षात आणून दिलं की विनायक परत येणार हे मी २००३ सालीच सांगितलं होतं. कोणी नाही म्हणालं नाही.

घरी केसरने ट्रेलर तीनदा पाहिला. म्हणाली, "ते बाई थकली." आणि भाजी चिरायला बसली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ६

आज. मला वाटलं होतं आठवड्याला एक भाग येईल. आठही भाग एकदम टाकलेत. हरकत नाही. आपण दर रविवारी एकच पाहायचा, आमच्या पुढच्या खोलीत, सगळा परिवार जमवून. केसर चिवडा करेल. अध्यक्ष या नात्याने मी आधी एकट्याने तपासून घेतो.

दुपारी १२.३०

पहिल्या भागाच्या अकराव्या मिनिटाला शालिनी बँकेत फॉर्म भरते आणि पतीचं नाव या रकान्यात दुसऱ्याच माणसाचं नाव लिहिते. मला वाटलं माझा चष्मा. मागे नेऊन पुन्हा पाहिलं. दुसराच माणूस.

तिने कधीच लग्न करून टाकलंय. ती खाडीवर लाँच चालवते, हाताखाली चार माणसं आहेत. कंदील कुठे दाखवतच नाहीत. सहाव्या भागात विनायक येतो, ट्रेलरमधले पाय त्याचेच. शालिनी त्याला पाणी देते, चहा देते, आणि शेवटची लाँच साडेपाचला आहे म्हणून सांगते.

दार उघडलं, एवढं मात्र माझं बरोबर निघालं.

सातवा, आठवा पाहिला नाही. त्यात ती सुधारत असावी.

१५ नोव्हेंबर, शनिवार

केसरने विचारलं, कधी लावायचं. मी म्हटलं, नेटचा प्रॉब्लेम आहे. वायर मीच काढली, पण तशीही ती ढिलीच होती. शेजारची खुशबू सरकारी दवाखान्यात नर्स आहे, ती कुंपणावरून म्हणाली, "काका, माझं हॉटस्पॉट घ्या ना." मी तिला रेडिएशनबद्दल समजावून सांगितलं. तिने माझ्याकडे बीपी तपासायचं असल्यासारखं पाहिलं.

उद्यापासून नक्की चालणे.

१६ नोव्हेंबर, रविवार

सगळ्यांनी आपापल्या घरी पाहून घेतलंय. परिवारात संताप आहे. गोपालभाऊ म्हणाले, बावीस वर्षं आपण तिच्यासाठी जीव टांगून ठेवला आणि ती आरामात संसार करून राह्यली होती. लटारूभाऊ म्हणाला, "हे आपली शालिनीच नोहे." फक्त दूधवाला म्हणाला, "बरं केलं बाईनं." त्याला ग्रुपमधून काढलं. संध्याकाळी परत घेतलं.

ठराव: कंपनीला निषेधाचं निवेदन. मसुदा मी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मसुदा तयार. विषय: शालिनीने वाट पाहावी, ही विनंती. खाली कारणं. शेवट बदलून भाग पुन्हा टाकावेत, अन्यथा परिवार ॲप काढून टाकील. सह्या दहा झाल्या. सगळ्या पुरुषांच्या. गोपालभाऊंचं म्हणणं, एक तरी बाई पाहिजे, नाहीतर वजन पडणार नाही. त्यांचं बरोबर आहे. बाईच्या सहीने वजन पडतं.

केसर आहेच.

१९ नोव्हेंबर, बुधवार

निवेदन गॅसच्या कागदांखाली ठेवलं आणि केसरला म्हटलं, इथे इथे सही कर. ती सातवी शिकलेली आहे, पण कागद वाचल्याशिवाय सही करत नाही. ही सवय तिला मीच लावली होती.

तिने वाचलं. मग म्हणाली, "वाट पाहावी म्हणजे? पाह्यली नाई काय तिनं?" मी म्हटलं, ही सर्वसाधारण विनंती आहे. तिने पदराने चष्मा पुसला, परत पहिल्या ओळीपासून वाचलं आणि कागद माझ्या हातात दिला. "आधी पाह्यतो मी. मंग सांगतो."

मी सांगितलं की मोबाइलने डोळे जातात. ती चपला घालून खुशबूकडे गेली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

स्वयंपाक करून ठेवते आणि खुशबूकडे जाऊन बसते. वरण गरम होतं. ती जेवली नाही.

तिला काही कळणार नाही. जुन्या गोष्टी तिच्या लक्षात राहत नाहीत.

२२ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ११

केसर आठही भाग पाहून आली. झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. मग माझ्यासमोर खाटेवर बसली. ती माझ्यासमोर खाटेवर बसत नाही, उंबऱ्याशी बसते.

म्हणाली, "पत्र कुठी आहे?" मी म्हटलं, शोधावं लागेल, बावीस वर्षं झाली, मी रिटायर झालो तेव्हा कागद इकडचे तिकडे झाले. ती म्हणाली, "शोधू नको."

मग म्हणाली, "ते बाई नशिबाची, भाऊ. तिले कोणी पत्र नाई आणून देलं."

मी म्हटलं, अगं, मालिका आहे ती. तर म्हणते, "मालिकाच होय. मी काई येडी नाई. शालिनीसाठी मी दसरूले नाई म्हटलं असं नको समजू. पण पत्र नसतं तं मी हो म्हणणार होती. जायची साडी धुऊन ठेवली होती." आवाज चढला नव्हता. रोज मीठ संपलं म्हणून सांगते तसाच होता.

कोणती साडी, मला आठवत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

तिने नको म्हटलं तरी पेटी उपसून पत्र शोधलं. दोन तास. जुनं रेशनकार्ड, मिक्सरचं वॉरंटीकार्ड, बायकोचे एक्स-रे. पत्र सापडलं नाही. म्हणजे नसेलच असं नाही.

निवेदन पाठवायचं लांबणीवर टाकलं. ग्रुपवर कारण दिलं: तांत्रिक अडचण.

३० नोव्हेंबर, रविवार

केसर वडशाला जाणार आहे. तिथे तिची शाळेतली मैत्रीण सुगंधाबाई दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीच्या नाटकमंडळींसाठी खानावळ चालवते. ती दरवर्षी बोलवायची, केसर दरवर्षी म्हणायची, भाऊले कोण पाह्यल. यंदा तसं म्हणाली नाही.

मी सर्व बाजू मांडल्या. वय छप्पन्न. थंडी. शंभर माणसांच्या पोळ्या. ती म्हणाली, "इथी काय मी बसून खाल्लं काय?" याला उत्तर होतं, पण मी वाद वाढवला नाही.

आठ दिवसांत परत येईल. तिला तिथलं पाणी मानवणार नाही. ग्रुपवर कळवलं की ती सांस्कृतिक कार्यासाठी जात आहे. तीन अंगठे आले.

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी दोघं विहारात गेलो. पांढरी साडी, मेणबत्ती, दरवर्षीसारखं. वंदनेच्या वेळी डोळे मिटले आणि ठरवलं, बाहेर पडल्यावर तिला सगळं सरळ सांगून टाकायचं. बाहेर फार गर्दी होती. लालसू मास्तर भेटले, त्यांनी गुडघ्याचं काढलं.

उद्या बसस्टँडवर सांगतो. सकाळी तिथे शांत असतं.

७ डिसेंबर, रविवार. सकाळी ९.२०

बसस्टँडवर शांत नव्हतं. एकच पिशवी होती, ती मी धरली. चंद्रपूरची बस लागली. तिथून ती चांदा फोर्ट स्टेशनवर वडशाची गाडी पकडणार. मी म्हटलं, केसर, ते पत्र. ती म्हणाली, "भाऊ, कुकरच्या तीन शिट्ट्या होऊ दे. दोनवर बंद नको करू." मी विचारलं, परत कधी. ती म्हणाली, "पाहू." पिशवी माझ्या हातातून घेतली आणि चढली. खिडकीची जागा मिळाली तिला.

मी बस वळेपर्यंत उभा होतो. तशीही मला घरी घाई नव्हती.

९ डिसेंबर, मंगळवार

काल फोन केला, उचलला नाही. आज सुगंधाबाईने उचलला. म्हणाली, केसर पोळ्या लाटून राह्यली, बायांसोबत हसून राह्यली, फोन देऊ काय तिले? मी म्हटलं, नको, काम करू द्या.

ग्रुप बंद केला. निवेदन फाडलं. भात खाली लागला, वरचा खाल्ला.

१३ ऑक्टोबरच्या नोंदीत दुरुस्ती. पत्र आलं नव्हतं. मी मुंबईला पत्र टाकलंही नव्हतं. आणि दसरूचं स्थळ आल्यावर केसर आठ दिवस गप्प होती असं मी लिहिलंय, तेही खरं नाही. ती भांडी घासताना गुणगुणत होती. मुखरू गेल्यापासून ती गुणगुणली नव्हती. मी आतल्या खोलीतून आठ दिवस ते ऐकलं, आणि मला या घरात एकट्याने राहायची भीती वाटली.